वीस सेकंद थांबणारी ओळ

मित्रांनो, दुरुस्तीच्या एका कार्यशाळेतल्या जुन्या संगणकात, एका फायलीत वरून चौथ्या जागी मी राहते. मला चाकं नाहीत, बटणं नाहीत, रंगसुद्धा नाही. मी एक जुनी आज्ञा आहे. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत टाइप करतात ना, तसली एका ओळीची. मोजायला गेलात तर माझी लांबी जेमतेम एक वीत भरेल. पण वयाने मी या खोलीतल्या पुष्कळ वस्तूंहून थोरली आहे आणि शहाणीही आहे. हे मी माझ्याच तोंडाने सांगते, कारण इथे बाकी कुणाला बोलायला सवड नसते.

माझं काम आणण्याचं. दूरच्या कुठल्यातरी संगणकावर ठेवलेल्या फायली मी आपल्या घरी घेऊन येते. तुम्ही एखादं चित्र डाउनलोड करता तेव्हा एकदा बोट टेकवता आणि काम होतं. पण फायली शेकड्यांनी असतील तर बोट झिजून जाईल. तिथे माझ्यासारखी लागते. मला लिहून एंटर दाबलं की माणूस उठून दुसऱ्या कामाला जातो आणि मी एकामागून एक फाइल आणत राहते. त्या फायली ज्याच्याकडे असतात त्या संगणकाला सर्व्हर म्हणतात. लोकांना वाटतं, सर्व्हर म्हणजे कुठेतरी ढगात असलेलं, कधी न दमणारं कोठार. मी त्याच्या दारात उभी राहिलेली आहे, म्हणून सांगते. तोही आपल्यासारखाच एक संगणक असतो, त्याचाही पंखा धुळीने भरतो, आणि त्याची काळजी घेणारं कुणीतरी माणूस असतं.

माझ्या कार्यशाळेच्या दोनच खोल्या. पुढच्या खोलीत लांब टेबल, त्यावर भिंगाचा दिवा, सोल्डरिंगची सामग्री आणि पोट उघडून ठेवलेली यंत्रं. मागच्या खोलीत छतापर्यंत सुट्या भागांचे डबे. इथे रुग्णालयांतली यंत्रं दुरुस्तीला येतात, म्हणजे सलाइनचे पंप, घशातला कफ ओढणारी यंत्रं, अपुऱ्या दिवसांच्या बाळांना ऊब देणाऱ्या काचेच्या पेट्या. नव्याकोऱ्या यंत्रांना त्यांच्या कंपन्या सांभाळतात. ज्यांची कंपनीच बंद पडली, पण ज्यांच्यावाचून लहान रुग्णालयांचं पान हलत नाही, ती यंत्रं इथे येतात.

कार्यशाळा वहिनीची. तिचं खरं नाव दारावरच्या पाटीवर आहे, पण ते कुणी उच्चारत नाही. तिचा धाकटा दीर तिच्याबरोबर काम करतो. तो तिला वहिनी म्हणतो, म्हणून टेम्पोवाल्यापासून रुग्णालयाच्या सिस्टरपर्यंत सगळ्यांची ती वहिनीच. ती दिराला भाऊजी म्हणते, म्हणून तेही सगळ्या गावाचे भाऊजी. वहिनी शांत, दहा वेळा मोजून एकदा कापणारी. भाऊजींच्या पायाला भिंगरी. हाताला गुण असलेला कारागीर, पण भात शिजायच्या आधी ताट घेऊन बसणारा माणूस.

जुन्या यंत्राच्या पोटात हात घालायचा तर त्याच्या दुरुस्तीचं पुस्तक हवं. कुठली तार कुठे जाते, कुठल्या जागी किती वीज यायला हवी, हे सगळं त्यात असतं. कार्यशाळेत त्याला पोथी म्हणतात. कंपनी बुडाली की पोथ्याही रद्दीत जातात. पण एका निवृत्त इंजिनिअरांनी जन्मभर अशा पोथ्या जमवल्या, एकेक पान स्कॅन केलं आणि आपल्या घरातल्या एका जुन्या संगणकावर सर्वांसाठी मांडून ठेवलं. ज्याला लागेल त्याने न्यावं. सात हजारांच्या वर पोथ्या होत्या. त्या गृहस्थांना सगळे पोथीवाले काका म्हणत. वहिनीने त्यांना कधी पाहिलं नव्हतं, पण तिची अर्धी विद्या त्यांच्याकडून आलेली होती.

एका गुरुवारी दुपारी वहिनीने मला पहिल्यांदा लिहिलं. तेव्हा मी दोन-तीन शब्दांची होते आणि ‘तिथलं सगळं आण’ एवढाच माझा अर्थ होता. खोटं कशाला बोलू, मी जन्मतःच हावरट होते. काकांच्या दारात जाऊन एक फाइल उचलली की श्वास न घेता दुसरी मागायची. मध्येच जोडणी तुटली की आणलेलं अर्धं टाकून पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. काल आणलेलं आज पुन्हा आणायची. आणि हे सगळं करताना आपण कोण, कुठून आलो, हे काही सांगायची नाही. पंगतीला न बोलावता येऊन पातेलंच ओढून घेणाऱ्या पाहुण्यासारखं माझं वागणं होतं.

काकांना माझा त्रास होत होता, पण मला आवरा असं सांगणार कुणाला? माझं नावच त्यांना ठाऊक नव्हतं. शेवटी त्यांनी आपल्या पानावर सर्वांत वर चार ओळी लिहिल्या. ‘गुरुवारी दुपारी येऊन सगळा दरवाजा अडवून बसणाऱ्या गृहस्थांस नमस्कार. तुमच्या मागे रांगेत एक रुग्णालय उभं आहे. त्यांना फक्त एक पोथी हवी आहे. जरा सरकाल का?’

वहिनीने ते चहा पिता पिता वाचलं. गृहस्थ म्हणजे आपणच, हे तिला लगेच कळलं. कप तसाच ठेवून तिने मला उघडलं आणि त्या दुपारी मला वळण लावायला बसली.

सर्वांत आधी तिने मला थांबायला शिकवलं. एक फाइल घेतली की वीस सेकंद दाराबाहेर उभं राहायचं, तेवढ्यात दुसऱ्या कुणाला आत जाता येतं. मग माझ्या वेगाला लगाम घातला, म्हणजे काकांची सगळी वाट मी एकटीने व्यापणार नाही. काकांच्या संगणकावर एक लहानशी सूचनांची फाइल होती, कुठल्या खोल्यांत पाहुण्यांनी येऊ नये हे सांगणारी. ती आधी वाचायची, मग पाऊल टाकायचं, हेही तिने बजावलं. तुटलं तिथून पुढे न्यायचं, पुन्हा पहिल्यापासून मागायचं नाही. घरी आहे ते परत आणायचं नाही. दाराने ‘आत्ता नको’ म्हटलं तर हुज्जत न घालता दूर जायचं आणि दर वेळी आधीपेक्षा जास्त थांबून परत विचारायचं. आणि शेवटी, प्रत्येक मागणीबरोबर आपलं नाव सांगायचं. तिथे तिने कार्यशाळेचं नाव आणि स्वतःचा फोन नंबर घातला. माझ्यात काही चुकलं तर मालकाला कुणाचा तरी कान धरता यावा, असं ती भाऊजींना म्हणाली.

भाऊजी हसले. फाइल आणायला एवढे सोपस्कार कशाला, असं त्यांचं म्हणणं पडलं. त्यांनी माझं नाव गोगलगाय ठेवलं.

मित्रांनो, तिथून पुढची वर्षं माझी भरभराटीची होती. दर गुरुवारी, काकांकडे गर्दी नसते अशा दुपारच्या वेळी, मी जायची. आमच्याकडे येणाऱ्या यंत्रांच्या कप्प्यांत नवीन काही असेल तेवढंच घ्यायची, नसेल तर हात हलवत परत यायची. माझ्या आणलेल्या पोथ्यांवर किती पंप चालू झाले, किती यंत्रांचे श्वास परत आले, याची मी गणती ठेवली नाही, पण अभिमान ठेवला. एकदा काकांनी वहिनीला पत्र लिहिलं की तुमच्या ओळीचं नाव नोंदींत दिसलं की मी निर्धास्त असतो, ही ओळ मी माझ्या पानावर नमुना म्हणून लावू का? वहिनीने होकार दिला. तेव्हापासून ‘असं या’ या मथळ्याखाली मी काकांच्या पानावर झळकू लागले. ठिकठिकाणच्या कारागिरांनी मला उतरवून घेतलं. आपलं नाव घालायच्या जागी वहिनीचंच नाव तसंच ठेवणारे दोन-चार महाभाग निघाले, ती गोष्ट वेगळी.

मग दिवस पालटले. नवनवे झटपट प्रोग्राम आले. रंगीत खिडकीत एक बटण दाबलं की एका वेळी पन्नास फायली खेचणारे. भाऊजींनी तसला एक आणलासुद्धा. गुरुवार चुकू लागले. कधी महिन्याने, कधी दोन महिन्यांनी मला हाक यायची. मला वाईट वाटलं, पण मी मनाला लावून घेतलं नाही. आपलं काम कधी ना कधी पडणार, हे मला पक्कं ठाऊक होतं.

ते पडलं, पण मला आवडलं असतं तसं नाही.

एका सकाळी प्रसूतिगृहाच्या सिस्टर टेम्पोतून एक काचेची पेटी घेऊन आल्या. त्यांच्याकडे अशा दोनच पेट्या. आदल्या दिवशी जुळी बाळं झाली होती, दोन्ही अपुऱ्या दिवसांची. एक बाळ चालू पेटीत होतं. दुसऱ्याला आईने छातीशी घेऊन ऊब दिली होती, पण त्याच्या अंगात ऊब टिकत नव्हती, सारखं गार पडत होतं. मोठं रुग्णालय सहा तासांच्या रस्त्यावर. उद्या संध्याकाळी पाचपर्यंत वाट बघते, असं सिस्टर म्हणाल्या. त्यानंतर रुग्णवाहिका मागवणार, आणि त्या प्रवासाची त्यांना भीती वाटत होती. हे त्यांनी अगदी हळू आवाजात सांगितलं.

वहिनीने पेटीचं पोट उघडलं. ऊब देणाऱ्या भागाला वीज पुरवणारं एक सर्किट करपलेलं होतं. त्यावरचे आकडे जळून गेले होते, त्यामुळे तिथे कुठला भाग होता हे पोथीशिवाय कळणार नव्हतं. त्या कंपनीचं यंत्र आमच्याकडे पहिल्यांदाच आलं होतं, म्हणून ती पोथी आमच्याकडे नव्हती. काकांकडे त्या कंपनीच्या कप्प्यात तीनशे फायली होत्या, आणि त्यांना नावं नव्हती, नुसते आकडे. वहिनीने भाऊजींना सांगितलं की ओळ चालवा, सगळा कप्पा येऊ द्या, मी तोवर प्रसूतिगृहात जाऊन चालू पेटीचं सर्किट वरून दिसतं तेवढं बघून येते.

भाऊजींनी हिशेब केला. तीनशे फायली, दर वेळी वीस सेकंद, शिवाय आणायचा वेळ. अडीच तास. तिकडे बाळ गार पडतंय आणि ही गोगलगाय दारात उभी राहणार. त्यांचं मन साफ होतं, मित्रांनो, हे मी शपथेवर सांगते. त्यांनी मला उघडलं आणि माझा थांबा पुसला. मग वेगाचा लगाम काढला, ‘आत्ता नको’ ऐकून दूर जायचे शब्दही खोडले. मग माझ्या वीस नकला केल्या आणि वीस काळ्या खिडक्यांतून एकदम सोडल्या. 

त्यांच्या हातून असं का झालं, तेही सांगते. दुरुस्त झालेलं प्रत्येक यंत्र तासभर पूर्ण भारावर चालवल्याशिवाय बाहेर जाऊ द्यायचं नाही, असा आमच्या कार्यशाळेचा नियम आहे. चांगलं यंत्र पूर्ण भार सोसतं, ही गोष्ट भाऊजींच्या हाडीमांसी भिनली होती. काकांचा संगणक हा कुणाच्यातरी घरातला म्हातारा जीव आहे, त्याची ही परीक्षा घ्यायची नव्हती, हे त्यांच्या मनातही आलं नाही.

आम्ही वीस जणी एकदम त्या दारावर धडकलो. दार म्हणालं, ‘आत्ता नको.’ मी थांबले असते, पण ते शब्दही गेले होते. आम्ही पुन्हा मागितलं, पुन्हा पुन्हा मागितलं. मला माझीच लाज वाटत होती आणि मला थांबता येत नव्हतं. चार मिनिटांत पलीकडून उत्तर येणं बंद झालं. एकही पोथी पूर्ण आली नाही. 

चालू पेटी न उघडता काही कळलं नाही, आणि वहिनी परतली तेव्हा भाऊजी पडद्याकडे बघत बसले होते. तिने हात धुतले, एवढ्यात तिचा फोन वाजला. भाऊजींनी माझे सगळे संस्कार पुसले होते, पण नाव आणि नंबर तेवढे राहिले होते, कारण त्यांच्यापायी वेळ जात नव्हता.

“मी पोथीवाला बोलतोय,” पलीकडचा आवाज म्हणाला. “तुमची ओळ आज आजारी आहे का?”

वहिनीने एका नजरेत वीस खिडक्या पाहिल्या आणि तिला सगळं कळलं. “आजारी नाही काका,” ती म्हणाली. “आमची चूक आहे. आम्ही घाईत तिला मोकाट सोडली.” मग तिने पेटीचं आणि बाळाचं सांगितलं. भाऊजींचं नाव मात्र घेतलं नाही.

काका रागावले नाहीत, पण त्यांनी जे सांगितलं ते रागावण्यापेक्षा वाईट होतं. संगणक अडकून पडला म्हणून त्यांनी तो बंद करून पुन्हा लावला, तर आतली जुनी तबकडी, म्हणजे सगळं साठवणारी हार्ड डिस्क, अडखळू लागली होती. थोडं वाचते, तापते आणि गप्प होते. दुसरी प्रत काढायची काढायची म्हणत राहून गेली होती. सात हजार पोथ्या त्या एका तबकडीवर होत्या. आणि पेटीची पोथी? तिचा आकडा त्यांना तोंडपाठ होता. “मला आधी एक फोन केला असता तर तेवढी एकच न्यायची होती,” ते म्हणाले.

भाऊजींनी हत्यारांची पिशवी भरली, टेबलावरचा पंखा काढून काखेत मारला आणि वहिनीकडे न बघता काकांचा पत्ता मागितला. काकांचं गाव चार तासांवर होतं. दुपारची गाडी त्यांना मिळाली.

त्या संध्याकाळी भाऊजी काकांच्या घरी पोहोचले. तबकडी बाहेर काढून त्यांनी तिच्यावर पंखा लावला आणि आधी पेन ड्राइव्ह जोडून पाहिला. नक्कल अर्ध्यात अडकली की पुन्हा पहिल्यापासून सुरू होई आणि तेवढ्यात तबकडी परत तापे. तुटलं तिथून पुढे न्यायचं ज्ञान त्या बिचाऱ्याला नव्हतं. मला होतं. काका म्हणाले की तबकडीला रात्रभर विसावा द्या आणि सकाळी तुमची ती ओळ पाठवा, जुनी, शहाणी असलेली. बाकीच्या सगळ्यांना मी दार बंद करतो, असंही ते म्हणाले.

सकाळी सात वाजता वहिनीने माझे सगळे शब्द एकेक करून परत घातले. थांबा मात्र पाच मिनिटांचा केला. मी गेले. पोथी चारशे पानांची होती आणि फाइल पूर्ण झाल्याशिवाय उघडणार नव्हती. पहिल्या खेपेला नऊ टक्के मिळालं आणि पलीकडे शांतता झाली. मी पाच मिनिटं थांबले. पुन्हा गेले, नऊच्या पुढे मागितलं, चौदापर्यंत पोहोचले. पुन्हा थांबले. तिकडे भाऊजी त्या तबकडीवर तळहात ठेवून बसले होते, आजारी मुलाच्या कपाळावर ठेवावा तसा, आणि इकडे वहिनी वारंवार पडद्यापाशी येऊन आकडा बघून जात होती. दहा वाजता त्रेपन्न. अकराला सिस्टरांचा फोन आला, बाळ पुन्हा गार पडलं होतं. साडेअकराला अठ्ठ्याऐंशी.

आणि तिथे मी अडले. एकदा गेले, काही नाही. पाच मिनिटांनी गेले, काही नाही. सात वेळा गेले आणि सात वेळा रिकाम्या हाताने परत आले. वहिनीला मी इतक्या वर्षांत कधी घाबरलेली पाहिली नव्हती. तिने कीबोर्ड ओढला. माझा थांबा पुसून टाकायचा आणि सलग मागत राहायचं, असं तिच्या मनात आलं होतं. बोटं माझ्यावर आली तेवढ्यात फोन वाजला. भाऊजी होते.

“वहिनी, थांबा कमी करू नका,” ते म्हणाले. “वाढवा. वीस मिनिटं करा. ती अजून गरम आहे, माझा हात आहे तिच्यावर. मी सांगेन तेव्हाच मागा.”

उभ्या जन्मात कधी पाच मिनिटं स्वस्थ न बसलेला तो माणूस बोलत होता. वहिनीने कीबोर्ड सोडला आणि वीस मिनिटं आम्ही तिघं काही न करता बसून राहिलो. तिने भाग तयार ठेवले, सोल्डरिंगचं टोक पुसलं, पुन्हा पुसलं. मग भाऊजी म्हणाले, “आता.” मी गेले आणि एकाण्णव घेऊन आले. पुढच्या वीस मिनिटांनी सत्त्याण्णव. सव्वा वाजता उरलेलं सगळं आलं आणि फाइल उघडली.

पान दोनशे सत्त्याऐंशी. करपलेल्या जागी कुठला भाग हवा होता ते तिथे स्वच्छ छापलेलं होतं, आणि तो भाग मागच्या खोलीतल्या डब्यात होता. दोन वाजता पेटीत ऊब आली. सिस्टरांचे फोनवर फोन येत होते, तरी वहिनीने तिला तासभर पूर्ण भारावर चालवलीच. बाळ ठेवायचं होतं त्यात, तिथे तो नियम मोडून चाललं नसतं. साडेचारला पेटी प्रसूतिगृहात पोहोचली. संध्याकाळी सिस्टरांनी कळवलं की दोन्ही बाळं ऊबदार आहेत आणि रुग्णवाहिकेची गरज नाही. वहिनी ते वाचून मागच्या खोलीत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

भाऊजी मात्र घरी परतले नाहीत. पोथ्यांचा मोठा भाग गुरुवारच्या खेपांत आमच्याकडे आलेला होता, पण बाकीच्या त्याच तबकडीवर होत्या आणि ती फार दिवसांची सोबती नव्हती. तेरा दिवस ते काकांकडे राहिले. रोज सकाळपासून संध्याकाळपर्यंत मी एक पोथी आणायची, थांबायची, दुसरी आणायची. तबकडी तापली की भाऊजी फोन करत आणि वहिनी मला थोपवून धरी. काकांना त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं की मोकाट सोडणारा मी. काकांनी त्यांना जेवायला वाढता वाढता म्हटलं की तबकडी आज ना उद्या जाणारच होती, तुम्ही तिला जरा पळवलंत एवढंच. भाऊजींना त्याने काही बरं वाटलं नाही. वाटायलाही नको होतं.

तेराव्या दिवशी दुपारी मी दारात गेले आणि दार उघडलं नाही. तासभर थांबून गेले, तरी नाही. भाऊजींनी तळहात उचलला. तबकडी गार झाली होती आणि आता ती कायमची गार राहणार होती. दोनशे चौदा पोथ्या यायच्या राहिल्या. त्या कुठल्या यंत्रांच्या होत्या, कुणाच्या कामी आल्या असत्या, हे आता कधीच कळणार नाही. आम्ही वीस जणी ज्या दिवशी धडकलो त्याच्या आधी त्या सगळ्या धडधाकट होत्या, ही गोष्ट मी कधी विसरत नाही.

वहिनीने काकांना फोन केला. जन्मभराचं काम आमच्यामुळे अपुरं राहिलं, आम्हांला क्षमा करा, असं ती म्हणाली.

“एक लक्षात घ्या,” काका म्हणाले. “तुम्ही जे सावकाश नेलंत, ते राहिलं. माझ्यापाशी जे होतं, ते गेलं. आता तुमच्याकडे लोक येतील. त्यांना येऊ द्या.”

आज त्या पोथ्या आमच्या कार्यशाळेतून सगळ्यांना मिळतात. तीन ठिकाणी त्यांच्या प्रती आहेत. एक प्रत काकांकडे, भाऊजींनी स्वतः नेऊन बसवलेली. नवा सर्व्हर दणकट आहे, त्याला वीस काय, दोनशे जणी झेपतील. पण माझा थांबा भाऊजींनी पुन्हा कमी केला नाही, आणि मला गोगलगायही कुणी म्हणत नाही.

मित्रांनो, तुम्हांला कधीतरी घाई असेल. ती खरी असेल, त्या बाळाची होती तशी. तेव्हासुद्धा लागेल तेवढंच मागा, आपलं नाव सांगा, आणि ज्याच्याकडे मागता तो तापलाय का, हे आधी हात लावून बघा. तापला असेल तर थांबा. त्या दुपारी मी वीस मिनिटं थांबले नसते, तर पान दोनशे सत्त्याऐंशी त्या तबकडीबरोबरच गेलं असतं.